साळशिंबची सपाट रेषा

साळशिंब गाव रिकामं झालं तेव्हा हद्दीत दोन जीव मागे राहिले होते. एक कोंबडी आणि दुसरी चंद्रभागा धुरी.

गावपळण ही मालवणच्या आसपासच्या काही गावांतली जुनी रीत. दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस हद्दीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या. श्वास घेणारं काही मागे ठेवायचं नाही. साळशिंबचे लोक खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या घालतात. तिथे भजनं होतात, फुगड्या होतात, माशाचं कालवण शिजतं. पोरांना ती सहलच वाटते. या गावची आणखी एक रीत आहे. वेशीवरचा दगड ओलांडला की मागे वळून कुणाला हाक मारायची नाही. ओ देणारं माणूसच असेल याची खात्री नसते.

चंद्रभागाबाई दगडापर्यंत आल्या होत्या. टोपलीतल्या कोंबड्या त्यांनी पाहिल्या, तर खुडूक बसलेली एक नव्हती. ती खाटेखाली राहिली होती. जीव मागे ठेवायचा नाही म्हणून त्या एकट्याच परत फिरल्या. मुलगा दिगंबर याला वाटलं, आई मावशीच्या टेम्पोत आहे. मावशीला वाटलं, ती दिगंबरबरोबर आहे. हाक कुणीच मारली नाही. मागच्या पडवीच्या पायरीवरून पाय घसरला आणि चंद्रभागाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी गाव परतलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या. कोंबडी उशाशी बसून होती. दोन दिवस तरी त्या जिवंत होत्या, असं डॉक्टर म्हणाले.

त्या तीन दिवसांत गावावर एक यंत्र लक्ष ठेवून होतं.

डॉ. निरंजन वर्तक पुण्याच्या एका खाजगी संस्थेत पदार्थविज्ञानाचं संशोधन करत. आपलं विश्व म्हणजे कुठल्यातरी अफाट संगणकावर चाललेलं गणित आहे, हा विचार नवा नव्हता. वर्तकांनी त्याला कसोटी दिली. ते सांगत, "मुलांचा व्हिडिओ गेम बघा. खेळणारा ज्या खोलीत उभा आहे तेवढीच खोली संगणक रंगवतो. बंद दाराआडची रंगवत नाही, कारण तिकडे कुणी बघत नाही. गणित करणारा कुणीही असो, तो काटकसर करणारच. मग जिथे बघणारं कुणी नाही, तिथे आपलं जगही जरा भरड व्हायला हवं."

हा भरडपणा मोजायला त्यांनी पोतमापक बनवला. पदार्थ अगदी स्थिर दिसला तरी त्याच्या मुळाशी अखंड थरथर चालू असते. जमिनीत पुरलेल्या दोन लांब नळ्यांतून लेझरचे किरण सोडून हे यंत्र ती थरथर किती बारीक विणीची आहे ते मोजतं. त्या विणीला वर्तक 'पोत' म्हणत. पोत दाट असेल तर पडद्यावरची रेषा वर, विरळ असेल तर खाली. अडचण एवढीच होती की बघणारं कुणीच नाही अशी जागा पृथ्वीवर मिळत नाही. प्रयोगशाळा रिकामी केली तरी शेजारच्या इमारतीत माणसं असतात, छपरावर मांजर असतं. मग त्यांना गावपळणीविषयी कळलं.

साळशिंबच्या शाळेमागे जांभ्यात खड्डा खोदून यंत्र पुरलं गेलं. वर्तक काळजीपूर्वक काम करणारे होते. वीज बंद झाल्याचा परिणाम नको म्हणून त्यांनी तारा चालूच ठेवल्या. समुद्राच्या लाटा, वारा, मोबाइलचे मनोरे, सगळं हिशेबात धरलं. गाव खरंच रिकामं आहे हे कळावं म्हणून घराघरांच्या जमिनीत कंपनं टिपणारे संवेदक बसवले. ते स्वतः वेशीबाहेर गाडीत पडद्यासमोर बसले. गाव रिकामं झालं, रेषा हळूहळू उतरत गेली आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ सपाट झाली. लोक परतले आणि ती पुन्हा चढली.

जगभर खळबळ उडाली. वर्तकांनी प्रयोगाची सगळी कच्ची माहिती सर्वांसाठी खुली केली, म्हणून विश्वासही बसला. त्यांचं बोलणं ऐकलेल्याला त्यांचं म्हणणं पटल्याशिवाय राहत नसे. "प्रकाशाला वेगमर्यादा का आहे? यंत्राच्या वेगाला असते म्हणून. अणूतला कण कुणी बघेपर्यंत आपली जागा का ठरवत नाही? कुणी विचारल्याशिवाय उत्तर काढायचं नाही, हीच काटकसर." सभागृहं भरत. मालकांना, पुढाऱ्यांना, परीक्षेत नापास झालेल्यांना, सगळ्यांनाच ते आवडे. गणितच सगळं करत असेल तर आपल्याकडे दोष कसला?

चंद्रभागाबाईंची थोरली मुलगी शलाका कोल्हापूरला भूजल खात्यात होती. विहिरी, झरे आणि खडकातलं पाणी हा तिचा विषय. आईचे दिवस झाल्यावर तिने वर्तकांची कच्ची माहिती उतरवून घेतली. तिला सिद्धांतात रस नव्हता. धुऱ्यांच्या घरातल्या संवेदकात काय आहे, एवढंच तिला बघायचं होतं.

त्यात ठोके होते. तीन ठोके, मग थांबणं, मग पुन्हा तीन. आई सुपारी कातरताना चहा हवा झाला की कायम कनवटीला असणारा अडकित्ता जमिनीवर असाच आपटायची. शलाकाने ते हेडफोनवर ऐकले आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग तिने पुन्हा लावले. पहिल्या ठोक्यांनंतर थोड्याच वेळात त्या एका संवेदकाचा आवाज कुणीतरी हाताने वाढवला होता. काही वेळ तो तसाच राहिला. मग, ठोके चालू असतानाच, संवेदक बंद केला गेला. नोंदीत कारण होतं: 'खिडकी सैल.'

गाडीत वर्तकांशिवाय कुणी नव्हतं.

तिला आणखीही एक गोष्ट दिसली. शेवटचं माणूस वेशीबाहेर गेलं तेव्हा रेषा एकदम पडली नव्हती, सावकाश उतरली होती. 'विश्वाचा संगणक हळूहळू हात आखडता घेतो,' असं वर्तकांनी लिहिलं होतं. शलाकाला ती उतरण ओळखीची वाटली. विहिरीवरचे पंप बंद केले की पाणी असंच चढतं. आधी भरभर, मग सावकाश. साळशिंबच्या पोफळींच्या बागांना रोज पंपाने पाणी लागतं. जांभा हा खडक स्पंजासारखा. पाणी उपसलं की त्याची भोकं रिकामी होतात, पाणी पाझरत राहतं आणि खडक अगदी बारीक कुरकुरत राहतो. गाव गेलं, पंप थांबले की पाणी स्थिरावतं आणि खडक गप्प होतो. वर्तकांनी पंपांची घरघर गाळली होती. दगडातलं पाणी त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

हे तिने तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

ठोके मात्र तिने भावाला ऐकवले. दिगंबरने दोनच वेळा ऐकले आणि फोन उलटा ठेवला.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला.

"काय म्हायत आसा?"

"वर्तकसाहेबांचा भाषण मी आयकलंय, ताई. बघणारा कोण आसता तर रेषा खाली येणा नाय. रेषा खाली इली. म्हणजे त्या वेळाक आये... थंय नव्हतीच. नुसता शरीर होता. तिका काय दुखलाच नाय."

"आणि अडकित्तो कोण आपटी होता?"

"यंत्र. आपण सगळी यंत्रांच. माका ह्या असांच रवांदे, ताई. माका झोप लागता."

शलाकाने उलटा ठेवलेला फोन उचलला. आईला हाक न मारलेला मुलगा तो होता. सिद्धांताने त्याला झोप दिली होती.

वर्तकांचं व्याख्यान कोल्हापुरात झालं तेव्हा ती पुढच्या रांगेत बसली. प्रश्नांच्या वेळी उभी राहिली.

"सर, तुमच्या प्रयोगात गाव रिकामं नव्हतं. माझी आई तिच्या घरात होती. दोन दिवस जिवंत होती. शुद्धीवर होती. हे तिचे ठोके." तिने फोन माइकजवळ धरला. "ती बघत होती. मग रेषा खाली का आली?"

उत्तरं दोनच होती. एक तर सिद्धांत चुकीचा, नाही तर चंद्रभागाबाई बघणाऱ्यांत मोडत नव्हत्या. वर्तकांनी चष्मा पुसला.

"बाई, तुमच्या दुःखाचा मला आदर आहे," ते म्हणाले. "पण आकडे आपण निवडत नाही. गेममध्येही खेळणारे थोडे असतात. बाकीची गर्दी भरतीची. ती चालते, बोलते, रडतेसुद्धा. आत कुणी नसतं. हे अपमान म्हणून म्हणत नाही. तुमच्या आईला वेदना झाल्या नाहीत, हे ऐकून तुम्हाला बरं वाटायला हवं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी.

त्या उत्तराने वर्तक आणखी मोठे झाले आणि एक नवी शिवी जन्माला आली: रिकामा. साळशिंबच्या मुलींची स्थळं परत जाऊ लागली. मालवणच्या बाजारात मासळीवाल्या हुज्जत घालताना म्हणत, "जा गो, रिकाम्या गावची तू, तुका कसली चव कळता?" एका कारखान्यात हात तुटलेल्या कामगाराला मालकाच्या वकिलाने विचारलं, वेदना झाली याचा पुरावा काय? दिगंबर मात्र शांत होता. आई रिकामी असेल तर तोही रिकामा, आणि रिकाम्या माणसाला अपराध लागत नाही.

पुढच्या गावपळणीचा कौल झाला तेव्हा शलाकाने वर्तकांना जाहीर आव्हान दिलं. गाव रिकामं करून आत एकच खरा बघणारा ठेवला तर रेषा वर राहायला हवी. हा प्रयोग तुम्ही अजून केलेला नाही. आमच्या घरात तुम्हीच बसा. नियम तुमचेच: परतीचा कौल होईपर्यंत आत कुणी जायचं नाही.

वर्तकांनी त्याच दिवशी होकार दिला. त्यांना सापळ्याची शंकाही आली नाही, कारण त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. शिवाय सिद्धांताला हा शेवटचा पुरावा हवाच होता.

गावची पूजाअर्चा बघणारे अंकुश घाडी मात्र अडून बसले. "जीव मागे ठेवचो नाय, अशी रीत आसा. देवाक काय सांगू?"

"सांगा, तेचा यंत्र काय म्हणता ता बघूया," शलाका म्हणाली. "जीव आसा की नाय, ता तेणांच ठरवल्यान आसा."

घाडी तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. "धुऱ्यांची चेडू तू. आवशीसारखीच."

गाव निघालं. धुऱ्यांच्या पडवीत वर्तक खुर्ची टाकून बसले. हाताशी पाणी, जेवणाचे डबे, पुस्तकं आणि एक फोन. माळावर मोठा पडदा लावला होता आणि रेषा देशभर थेट दिसत होती. दुपारपर्यंत वर्तक फोनवरून पत्रकारांशी विनोद करत होते. संध्याकाळी रेषा उतरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या गावपळणीइतकीच सपाट होती.

माळावर दिगंबरच्या मावशीने तोंडाला पदर लावला. "अगो बाय माझे! ह्यो तर आमच्याहून रिकामो!"

हसण्याची लाट पसरली. पत्रकारांनी फोन लावले. वर्तक म्हणाले, यंत्र बिघडलंय. त्यांच्याच सहायकांनी तपासून सांगितलं, यंत्र ठीक आहे. दुपारी त्यांच्या संस्थेने निवेदन काढलं, निष्कर्षावर विचार चालू आहे. त्यांच्या पत्नीचा फोन आला. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण त्यानंतर त्यांनी शलाकाचा नंबर लावला. तिने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला आणि तसं त्यांना सांगितलंही.

"मला बाहेर काढा," वर्तक म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"मी. वर्तक."

"पडद्यावर तर कुणी दिसत नाही."

"शलाकाबाई, हा थट्टेचा विषय नाही. मी इथे आहे. मी बघतोय. समोर माड आहे, तुमचं तुळशीवृंदावन आहे, पायरीवर मुंग्यांची रांग आहे. मला भीती वाटतेय. मला वाटतेय, कळतंय का?"

"भरतीची गर्दीही असं बोलते. रडतेसुद्धा. हे तुम्हीच सांगितलंत. काही दुखलं तर जमिनीवर ठोका. आम्ही खिडकी सैल म्हणून लिहून घेऊ."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकलं होतं मी," वर्तक शेवटी म्हणाले. "आधी वाटलं, माकड असेल. मग वाटलं, माणूस आहे. रेषा नुकती उतरायला लागली होती. आत गेलो असतो तर सगळं संपलं असतं, पुन्हा तीन वर्षं थांबावं लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, थोडा वेळ बघू. मग ठोके थांबले."

"थांबले नव्हते," शलाका म्हणाली. "तुम्ही संवेदक बंद केलात."

तिने फोन ठेवला. कौल होईपर्यंत कुणी आत गेलं नाही.

त्या कबुलीवरून गुन्हा दाखल झाला. साळशिंबला वाटलं, आता निकाल लागलाच. पण वर्तकांचे वकील हुशार होते. पहिल्याच सुनावणीत ते उठले आणि म्हणाले, "ज्या यंत्राच्या आधारे मयत बाईंना जाणीव नव्हती असं ठरलं, त्याच यंत्राने माझ्या अशिलालाही जाणीव नाही असं दाखवलं आहे. अख्ख्या देशाने ते पाहिलं, फिर्यादी पक्षानेच ते दाखवलं. जाणीव नाही तिथे हेतू कसा असेल? आणि पलीकडेही कुणी नव्हतं, तर मेलं कोण?" न्यायाधीशांनी सरकारी पक्षाला उत्तर द्यायला पुढची तारीख दिली.

वर्तक आरोपीच्या जागी बसले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण ते सुटणार होते.

शलाकाला जे हवं होतं ते मिळालं होतं. लोक वर्तकांना रस्त्यात 'रिकामा' म्हणत, भाषणं बंद झाली होती. पाण्याविषयी ती गप्प राहिली असती तर हे जन्मभर चाललं असतं. पण ती गप्प राहिली असती तर आईही रिकामीच राहिली असती. आणि रिकाम्या माणसाला शिक्षा होत नाही, फक्त हसू होतं. तिला तेवढं पुरेसं वाटेना.

ती साळशिंबला आली आणि देवळासमोर सगळ्यांना बसवून तिने जांभ्यातल्या पाण्याची गोष्ट सांगितली. "तीन दिवस कुणी पंप लावूचो नाय. बाकी सगळा नेहमीसारखा. रेषा उतरली तर सगळा सिद्ध झाला."

"म्हणजे तुका आधीच म्हायत होता?" घाडींनी विचारलं. "आमका लोक रिकामे म्हणत होते तेव्हाय?"

"होय."

"आणि तू गप रवलंस."

"तेका त्या पडवीत बसवूचा होता म्हणान."

घाडींनी देवळाकडे पाहिलं. "पंप बंद," ते शेवटी म्हणाले.

सगळे तयार झाले, एक सोडून. गावातली सर्वांत मोठी बाग आणि सर्वांत खोल विहीर दिगंबरची होती. त्याचा पंप चालू राहिला तर पाणी स्थिरावणार नव्हतं. तो सभेतून उठून गेला. शलाका मागोमाग गेली तेव्हा तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. पंप चालू होता.

"ह्यो पंप बंद केलंय," तो म्हणाला, "तर तिका दुखला."

"होय, दिगू."

"ती ठोकी होती ती माका हाक मारूक."

शलाका त्याच्या शेजारी कठड्यावर बसली. पाटातून पाणी पोफळींकडे वाहत होतं. दिगंबरने ते खूप वेळ पाहिलं. मग तो उठला, पंपघरात गेला आणि खटका खाली ओढला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता.

"मगे त्या वर्तकाक सोडू नको," तो म्हणाला.

ते तीन दिवस साळशिंब भरलेलं होतं. कोर्टाने नेमलेले दोन शास्त्रज्ञ शाळेत बसून होते. एका घरी बारसं झालं, दुसऱ्या घरी बांधावरून भांडण. कुत्री भुंकली, शाळा भरली, बायकांनी विहिरीवरून कळशीने पाणी नेलं. आणि एवढ्या डोळ्यांदेखत रेषा उतरत उतरत सपाट झाली. मग शलाकाने एकच पंप लावायला सांगितला. तो दिगंबरने लावला. रेषा चढू लागली.

जग गणित असेल किंवा नसेल; त्या यंत्राला त्यातलं काहीच कळत नव्हतं. ते फक्त पाण्याचा आवाज ऐकत होतं.

निकालाच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात वर्तक शलाकासमोर येऊन उभे राहिले. चार महिन्यांत ते वाळले होते, पण डोळ्यांत काहीतरी परत आलं होतं.

"तुम्ही माझा सिद्धांत मोडलात," ते हळू आवाजात म्हणाले. "तरी आभार मानावेसे वाटतात. मी रात्रीबेरात्री उठून आरशात बघायचो, आत कुणी आहे का म्हणून. तुम्ही मला परत आणलंत."

"हो," शलाका म्हणाली. "नाव पुकारल्यावर कुणीतरी 'हजर' म्हणायला हवं होतं."

आतून शिपायाने वर्तकांचं नाव पुकारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. दिगंबर भिंतीला टेकून उभा होता. त्याने आईचा अडकित्ता खिशातून काढला आणि बाकावर ठोके दिले. तीन, आणि थांबला.

"हजर," वर्तक म्हणाले आणि आत गेले.